दहा दिवस, एक पडदा आणि फोन घरी : एकटेपणाच्या वेळेचं इस्लाममध्ये काय करतात?

तळेगाव (श्यामजी पंत) हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण या गावावरून बहुतेक गेला असाल. नागपूर-अमरावती हायवेवर, वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात हे गाव आहे. नागपूरकडून येऊन आर्वीला जायचं असेल तर इथंच वळायचं. हायवेचं गाव असल्यामुळे रात्री दोन वाजताही ट्रकचे हॉर्न सुरूच असतात.

याच गावात आमच्या एका मित्राचे वडील रमजानचे शेवटचे दहा दिवस मशिदीच्या कोपऱ्यात पडदा लावून बसले. घरी यायचं नाही, दुकानात जायचं नाही, बाजारात फिरायचं नाही. फोन त्यांनी स्वतःहून घरी ठेवला होता.

ईदला शीरखुर्मा प्यायला गेलो तेव्हा त्यांना विचारलं, "चाचा, दहा दिवस करता तरी काय तुम्ही तिथं?"

चाचा हसले. म्हणाले, "काही नाही करत ना बापू. थेच तं कठीण हाय."

हे उत्तर डोक्यात राहिलं. कारण आपल्याला एकटं बसायला दहा दिवस सोडा, दहा मिनिटंही जमत नाहीत. लिफ्टची वाट बघताना फोन निघतो, जेवताना व्हिडिओ लागतो, झोप येईना झाली की रील सुरू होतात. वेळ मिळतो आणि जातोही. कुठं गेला विचारलं तर सांगता येत नाही.

मग एका धर्माने याच मोकळ्या, एकट्या वेळेबद्दल चौदाशे वर्षांपासून काय विचार करून ठेवलाय? त्या वेळेत मागायची दुआ नेमकी काय असते? आणि चाचा पडद्याआड करत काय होते? एकेक करून बघू.

आधी शब्द समजून घेऊ

नमाज आणि दुआ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नमाजच्या वेळा ठरलेल्या, दिवसातून पाच. आधी वुजू करायचं, तोंड किबल्याकडे करायचं, आणि पढायचं ते अरबीत.

दुआ म्हणजे मागणं. तिला वेळेचं बंधन नाही. बसून, चालताना, अंथरुणावर पडल्या पडल्याही मागता येते. आणि नमाजच्या बाहेर ती कुठल्याही भाषेत चालते. अरबी येत नसेल तर उर्दूत मागा, मराठीत मागा, वऱ्हाडीत मागा. मध्ये मौलवी लागत नाही.

हा शब्द आपल्याला परका नाहीच. "म्हाताऱ्या माणसाची दुवा घेतली" असं आपण सहज म्हणतो. ती दुवा म्हणजे हीच दुआ.

दुसरा शब्द खल्वत. अरबीत खल्वत म्हणजे एकांत. सूफी लोक देवाच्या आठवणीसाठी एकटे बसतात, त्याला हाच शब्द. तो फारसीतून मराठीत आला आणि त्याचं झालं 'खलबत'. किल्ल्यांवर खलबतखाना असतो, रायगडावरही दाखवतात. बाहेरच्या कानांपासून दूर बसून बोलायची जागा म्हणजे खलबतखाना. म्हणजे मराठीत या शब्दाला राजकारणाचा रंग चढला, पण मूळ अर्थ दार लावून बसणं एवढाच.

तिसरा शब्द फुरसत. आपल्याकडे फुरसत म्हणजे रिकामा वेळ. अरबीत हा शब्द ज्या अर्थाने येतो तो मात्र 'संधी' असा आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

रिकामा वेळ ही देणगी, आणि तिचा हिशोब

हदीस म्हणजे पैगंबर मुहम्मद यांची वचनं आणि त्यांच्या वागण्याच्या नोंदी. सहीह बुखारी हा त्यातला सर्वात मान्यता असलेल्या संग्रहांपैकी एक. त्यात एक हदीस येते, तिचा आशय असा : दोन देणग्या अशा आहेत की ज्यांच्या बाबतीत बहुतेक माणसं तोट्यात राहतात. एक म्हणजे तब्येत आणि दुसरी म्हणजे मोकळा वेळ.

इथं भाषा चक्क व्यापाराची आहे. हातात भांडवल होतं, पण सौदा तोट्याचा झाला, अशा अर्थाची. तब्येत असते तेव्हा कळत नाही, बिघडली की कळते. मोकळ्या वेळेचंही तसंच.

कुरआनच्या ९४व्या सूरेत, म्हणजे सूरह अश-शर्हमध्येही याच धाग्याची सूचना आहे. एका कामातून मोकळा झालास की पुन्हा कष्टाला लाग आणि आपल्या परमेश्वराकडे ओढ ठेव, असा तिचा अर्थ लावतात. म्हणजे काम संपल्यावर जी पोकळी येते तिला दिशा द्यायची.

पण यात एक धोकाही आहे. हिशोब द्यायचाय म्हटलं की माणूस घाबरून प्रत्येक मिनिट भरायला लागतो. आपल्याकडचे 'प्रॉडक्टिव्हिटी'वाले हेच शिकवतात. एकटा वेळ म्हणजे कोर्स करा, पॉडकास्ट ऐका, साईड बिझनेस सुरू करा. दुआची परंपरा इथं वेगळी वाट धरते. ती कशी, हे एका जुन्या दुआमधून चांगलं कळतं.

मोकळ्या वेळेसाठीची दुआ

इ.स. ६८० मध्ये करबला झालं. पैगंबरांचे नातू इमाम हुसेन तिथं मारले गेले. आपल्याकडे गावोगावी मोहर्रमला ताजिये बसतात ते त्याच्याच आठवणीत. या लढाईत हुसेन यांचे पुत्र अली आजारी असल्याने लढू शकले नाहीत आणि वाचले. त्यांना झैनुल आबिदीन म्हणतात, म्हणजे उपासकांचं भूषण. दुसरं नाव सज्जाद, म्हणजे खूप सजदे करणारा.

घरचे जवळपास सगळे पुरुष डोळ्यांदेखत गेलेला हा माणूस नंतर मदिनेत राहिला आणि राजकारणापासून लांब राहिला. इ.स. ७१३ च्या सुमारास त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावावर दुआंचा एक संग्रह आहे, 'सहीफा सज्जादिया'. त्यात ५४ दुआ आहेत. शिया मुस्लिमांमध्ये या संग्रहाला फार मोठा मान आहे.

यातली ११वी दुआ आयुष्याचा शेवट चांगला व्हावा यासाठीची आहे. तिच्यात मध्येच मोकळ्या वेळेचा विषय येतो. मागणं साधारण असं आहे : आमच्या नशिबात कामातून मोकळीक लिहिली असशील, तर ती सुखरूप मोकळीक असू दे. तिच्यामुळे मागाहून काही निस्तरावं लागू नये. तिच्यात कंटाळा आम्हाला गाठू नये. आमची वाईट कामं लिहिणारे फरिश्ते कोरा कागद घेऊन परत जावेत आणि चांगली कामं लिहिणारे खूश होऊन.

इस्लामी श्रद्धेप्रमाणे प्रत्येक माणसासोबत त्याची कामं लिहिणारे फरिश्ते असतात. हा संदर्भ धरला की दुआ उलगडते.

यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत.

एक, यात मोठं यश मागितलेलं नाही. मोकळा वेळ 'सत्कारणी लागून' डोंगर उचलले जावेत असं नाही. मागणं फक्त इतकंच की हा वेळ नुकसान न करता जावा. रात्री दोन वाजता एखाद्याच्या पोस्टखाली घाण कमेंट टाकून सकाळी डिलीट करणाऱ्याला हे मागणं लगेच कळेल.

दोन, यात कंटाळ्याचं नाव घेतलंय. तेराशे वर्षांपूर्वीच्या प्रार्थनेत कंटाळा ही देवाकडे घेऊन जाण्यासारखी अडचण मानली आहे. एकट्या वेळेत माणूस बिघडतो तो बऱ्याचदा कंटाळ्यानेच, हे त्या माणसाला माहीत होतं.

गुहेपासून मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत

इस्लामची सुरुवातच एका एकांतातून होते. मक्केजवळ जबल-ए-नूर नावाचा डोंगर आहे. त्यात हिरा नावाची छोटी गुहा आहे. पैगंबर होण्याआधी मुहम्मद तिथं शिदोरी घेऊन जायचे, काही रात्री राहायचे, शिदोरी संपली की पत्नी खदीजा यांच्याकडे परत यायचे आणि पुन्हा जायचे. परंपरेनुसार इ.स. ६१० च्या सुमारास तिथंच पहिली वही, म्हणजे ईश्वरी संदेश आला.

त्यानंतर काय झालं हे जास्त महत्त्वाचं. ते थरथरत घरी आले आणि खदीजांना म्हणाले की मला पांघरूण घाला. खदीजांनी धीर दिला. म्हणजे एकांतात जे घडलं ते पेलायला माणूस लागलं.

आणि पुढे ती गुहा हा इस्लामचा आश्रम झाला नाही. मदिनेत गेल्यावर एकांताची जागा बदलली. ती आली मशिदीत, लोकांच्या मधोमध. दरवर्षी रमजानमध्ये ठरावीक दिवस ते तिथं बसत. हदीसनुसार निधनाच्या वर्षी ते दहाऐवजी वीस दिवस बसले होते. याच बसण्याला एतिकाफ म्हणतात. चाचा बसले होते ते हेच.

पडद्याआड नेमकं काय चालतं?

रमजानच्या २० तारखेला सूर्य मावळायच्या आत माणूस मशिदीत दाखल होतो आणि ईदचा चंद्र दिसला की बाहेर येतो. चंद्रावर अवलंबून नऊ किंवा दहा दिवस होतात. कोपऱ्यात चादर किंवा पडदा बांधून जागा केली जाते. तिथंच झोप, तिथंच सहेरी आणि इफ्तारी. बाहेर पडायचं ते शौच, वुजू अशा गरजेपुरतं. विनाकारण बाहेर पडलं तर एतिकाफ मोडतो.

दिवसभर नमाज, कुरआनचं वाचन, जिक्र म्हणजे देवाच्या नावाचं स्मरण, आणि दुआ. रात्री जागरण, कारण शेवटच्या दहा दिवसांतल्या विषम रात्रींपैकी एक रात्र शब-ए-कद्र असते अशी श्रद्धा आहे. कुरआनने या एका रात्रीला हजार महिन्यांपेक्षा मोठं म्हटलंय. पैगंबरांच्या पत्नी आयशा यांनी विचारलं होतं की ती रात्र सापडली तर मी काय मागू? उत्तरात मिळालेली दुआ अगदी छोटी आहे. तिचा आशय : तू माफ करणारा आहेस, माफी तुला आवडते, मलाही माफ कर. वर्षातली सर्वात मोठी रात्र आणि मागणं एका श्वासात संपणारं.

आता एतिकाफचा एक नियम, जो ऐकून मी तरी चमकलो. हनफी फिकहनुसार शेवटच्या दहा दिवसांचा एतिकाफ 'किफाया' प्रकारात येतो. म्हणजे मोहल्ल्यातून एक जण जरी बसला तरी सगळ्यांची जबाबदारी पूर्ण होते. कोणीच बसला नाही तर ठपका सगळ्या मोहल्ल्यावर. चाचा एकटे होते, पण मोहल्ल्याच्या वतीने बसले होते.

हाच धागा कुरआनच्या पहिल्या सूरेतही आहे. सूरह फातिहा म्हणजे सात आयतींची दुआच. नमाजी घरात एकटा उभा असला तरी ती म्हणताना 'मला' म्हणत नाही, 'आम्हाला' सरळ रस्ता दाखव असंच म्हणतो. आपल्याच जिल्ह्यात सेवाग्राम आश्रमाच्या सर्वधर्म प्रार्थनेत कुरआनमधल्या प्रार्थनेलाही जागा आहे. तिथून जवळच्या पवनारला राहिलेल्या विनोबांनी तर अरबी शिकून कुरआन वाचलं आणि 'कुराण-सार' हे निवडक संकलन केलं. म्हणजे वर्ध्याच्या माणसाला हा विषय तसा घरचाच आहे.

चाचीच्या एकांताचं काय?

ईदच्या दिवशी गप्पांमध्ये आणखी एक गोष्ट निघाली. दहा दिवस सहेरी-इफ्तारीचा डबा घरून जात होता. तो कोण बनवत होतं? चाची. चाचा एकांतात होते आणि चाची पहाटे तीनपासून गॅसपाशी.

बायकांना एतिकाफ नाही का? आहे. भारतातले बहुतेक मुस्लिम हनफी परंपरेचे आहेत. त्यांच्यात बाई घरातच नमाजसाठी ठरवलेल्या जागेत एतिकाफला बसते. कोकणी मुस्लिम मात्र शाफई परंपरेचे, आणि शाफईंच्या प्रचलित मतानुसार एतिकाफ बाईलाही मशिदीतच करावा लागतो, घरातला धरला जात नाही. एकाच राज्यात दोन पद्धती आहेत त्या अशा.

पण कागदावरचा नियम आणि घरातली सोय यात अंतर असतं. एतिकाफला बसलेल्या बाईला त्या कोपऱ्यातून उठून घरभर कामं करत फिरता येत नाही. म्हणजे ती बसायची असेल तर दहा दिवस दुसऱ्या कोणीतरी घर ओढायला हवं. एकांत ही चैन आहे की हक्क, हा प्रश्न इथं येतो. आणि तो फक्त मुस्लिम घरांपुरता नाही, आपल्या सगळ्यांच्या घरांतला आहे.

परंपरेत याला एक पळवाट नाही, पण सोय आहे. रमजानच्या त्या दहा दिवसांव्यतिरिक्त ऐच्छिक म्हणजे नफिल एतिकाफ असतो. हनफींमध्ये तो थोड्या वेळाचाही चालतो. दोन कामांच्या मधली पंधरा मिनिटं, नियत करून, मुसल्ल्यावर. चाची म्हणाल्या, पुढच्या वर्षी त्या बसणार आहेत आणि डबा मुलगा बनवणार आहे. आमच्या मित्राचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता.

गिरडची टेकडी

एकांत म्हटलं की वर्धा जिल्ह्यात एक नाव टाळता येत नाही, गिरड. तळेगाव जिल्ह्याच्या एका टोकाला तर समुद्रपूर तालुक्यातलं गिरड दुसऱ्या टोकाला. तिथल्या टेकडीवर बाबा शेख फरीद यांचा दर्गा आहे. हिंदू आणि मुस्लिम दोघंही तिथं जातात.

इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्येही या टेकडीची कथा आहे. शेख फरीद तीस वर्षं भटकून १२४४ च्या सुमारास इथं येऊन राहिले. ते ध्यानात असताना वाटेने जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी त्यांची थट्टा केली, आणि त्यांच्याकडच्या नारळासारख्या मालाचे दगड झाले. टेकडीवर आजही गोल गोल दगड सापडतात ते तेच, असं सांगतात.

भूगर्भशास्त्राचं म्हणणं वेगळं आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचं पठार लाव्हापासून बनलं. लाव्हा थंड होताना हवेच्या पोकळ्या राहिल्या आणि त्यात नंतर झिओलाइटसारखी खनिजं साचली. हे दगड त्या खनिजांचे आहेत.

इतिहासाचंही एक म्हणणं आहे. प्रसिद्ध सूफी बाबा फरीद यांची कबर पाकिस्तानी पंजाबातल्या पाकपट्टणला आहे. पण त्यांच्या नावाचे चिल्ले भारतात अनेक ठिकाणी आहेत. चिल्ला हा शब्द फारसी 'चेहेल'वरून आला, अर्थ चाळीस. सूफीने चाळीस दिवस एकांतात बसायची पद्धत म्हणजे चिल्ला, आणि जिथं बसला त्या जागेलाही चिल्लाच म्हणतात. मुसा तूर पर्वतावर चाळीस रात्री राहिले, ही कुरआनमधली कथा त्याच्या मागे आहे.

गंमत अशी की लोकांनी राजांच्या विजयाच्या जागा विसरल्या, पण कोणीतरी एकटा शांत बसला होता ती जागा शेकडो वर्षं लक्षात ठेवली. आणि तिथं जाताना गर्दीने जातात.

डोंगर नको, दहा दिवस नकोत, मग?

प्रत्येकाला चिल्ला जमत नाही आणि तशी अपेक्षाही नाही. रोजच्या आयुष्यातला एकांत म्हणजे तहज्जुद. रात्री थोडं झोपून उठायचं आणि ऐच्छिक नमाज पढून दुआ मागायची. यासाठी रात्रीचा शेवटचा तिसरा हिस्सा सर्वात चांगला मानतात.

तो कसा काढायचा? समजा सूर्य साडेसहाला मावळला आणि फजरची वेळ पहाटे पाचला सुरू झाली. मध्ये साडेदहा तास. त्याचे तीन भाग केले तर एक भाग साडेतीन तासांचा. म्हणजे शेवटचा हिस्सा रात्री दीड ते पाच. आपल्यापैकी बरेच जण या वेळेला जागेच असतात. फक्त हातात तसबीह नसते, फोन असतो.

एकट्याने मागायच्या दुआचा एक साधा क्रम असतो :

• सुरुवात देवाच्या स्तुतीने आणि पैगंबरांवरच्या दरूदने.

• मग स्वतःची कबुली. आज काय चुकलं ते नाव घेऊन. याला मुहासबा म्हणजे स्वतःचा हिशोब म्हणतात. नवव्या शतकात बगदादला होऊन गेलेले सूफी अल-मुहासिबी यांचं नावच यावरून पडलं.

• मग मागणं. साध्या शब्दांत, घाई न करता.

• मग दुसऱ्यांसाठी मागणं. समोर नसलेल्या माणसासाठी दुआ केली तर फरिश्ता 'तुलाही तेच मिळो' म्हणतो, अशी हदीस आहे.

• शेवटी पुन्हा दरूद आणि आमीन.

आवाज चढवायची गरज नाही. कुरआनमध्ये म्हातारे झालेले जकरिया मूल मागतात ते हळू आवाजात. मुसा परमुलखात एकटे पडतात, झाडाच्या सावलीत बसतात आणि एवढंच म्हणतात की तू जे काही चांगलं पाठवशील त्याची मला गरज आहे. युनूस माशाच्या पोटातल्या अंधारात काही मागतही नाहीत, फक्त आपली चूक कबूल करतात. तिघंही एकटे आहेत, आणि तिघांच्याही दुआ छोट्याच आहेत.

बसस्टँडवरही जमतं का?

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आपण सहलीला बघितलेली असते. तिथं बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. ते नक्शबंदी परंपरेचे सूफी होते. या परंपरेच्या नियमांत एक आहे 'खल्वत दर अंजुमन', म्हणजे मैफलीत असताना एकांत. हात कामात, शरीर गर्दीत, आणि आत स्मरण सुरू. जिथं पाण्यावर चक्की फिरून धान्य दळलं जायचं, प्रवासी येऊन-जाऊन असायचे, अशा जागेला हा नियम शोभतो.

तळेगावच्या फाट्यावर रात्री एसटीची वाट बघणाऱ्यालाही तो लागू होतो.

एकांत कुठं थांबतो?

आता दुसरी बाजू. एकांत चांगला म्हणून कितीही घ्यावा का? परंपरेचं उत्तर स्पष्ट नाही असं आहे.

बुखारीतच एक प्रसंग आहे. अबू दर्दा नावाचे साथीदार दिवसा रोजे आणि रात्रभर नमाज यात इतके बुडाले की पत्नीकडेही लक्ष राहिलं नाही. त्यांचे मित्र सलमान घरी आले. त्यांनी अबू दर्दांना आपल्यासोबत जेवायला लावलं, रात्री झोपायला लावलं आणि शेवटच्या प्रहरी म्हणाले, आता उठ. मग समजावलं की देवाचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या शरीराचाही आहे आणि घरच्यांचाही आहे, प्रत्येकाचा हक्क त्याला दे. पैगंबरांना कळलं तेव्हा त्यांनी सलमान बरोबर बोलले असं सांगितलं.

अकराव्या शतकातले विद्वान गझाली तर बगदादची मोठी नोकरी सोडून १०९५ मध्ये निघून गेले आणि बराच काळ एकांतात राहिले. पण नंतर ते पुन्हा शिकवायला परतले. त्यांच्या 'इह्या उलूमिद्दीन' या ग्रंथात एकांतावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात फायदे आणि तोटे दोन्ही मांडलेत.

म्हणून इथं एक फरक नीट सांगायला हवा. स्वतःहून घेतलेला एकांत वेगळा आणि लादलेलं एकटेपण वेगळं. एतिकाफला तारीख असते, परतायची वाट असते, बाहेर डबा घेऊन आलेला कोणीतरी असतो. ज्या एकटेपणात यातलं काहीच नाही, आठवडेच्या आठवडे झोप नाही, कोणाशी बोलावंसं वाटत नाही, जगणं नको वाटतं, त्याला 'ध्यान कर, दुआ माग' एवढंच सांगून सोडून देणं बरोबर नाही. दुआ मागावी आणि डॉक्टरकडेही जावं. उपचार घेणं हे इस्लाममध्ये श्रद्धेच्या विरोधात मानलं जात नाही, उलट औषध घ्या असं सांगणाऱ्या हदीस आहेत. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास आणि मोफत आहे.

मग चाचा करत काय होते?

काही नाही करत, असं चाचा म्हणाले होते. त्याचा अर्थ आता थोडा कळतो. दुकान नव्हतं, बातम्या नव्हत्या, स्टेटस नव्हते. जे उरलं ते स्वतःचं डोकं. चाचा म्हणाले, पहिले तीन दिवस डोक्यात फक्त उधारीचे हिशोब फिरत होते. चौथ्या दिवशी एका माणसाची आठवण आली, ज्याच्याशी आठ वर्षांपूर्वी बांधावरून भांडण झालं होतं. मग रोज दुआत त्याचं नाव येऊ लागलं.

ईदच्या नमाजनंतर चाचा त्याच्या घरी गेले. तो माणूस हिंदू आहे. त्याने चहा केला. बांधाचा विषय दोघांनीही काढला नाही.

मी त्या धर्माचा नाही, तहज्जुदला उठत नाही. पण त्या दिवसापासून रात्री फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावतो आणि दहा मिनिटं नुसता बसतो. पहिले काही दिवस फार जड गेले. आता कधी कधी एखादं नाव आठवतं. परवा एकाला फोनही केला.